मध्यम किमतीचे तीन होम थिएटर रिसीव्हर: पैसे नेमके कशासाठी मोजावेत?

होम थिएटरसाठी रिसीव्हर (ध्वनी वाढवून स्पीकरना देणारे यंत्र) निवडताना बहुतेकांची नजर आधी खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यावर जाते, आणि फसगत तिथूनच सुरू होते. दोन चॅनेल एकाच वेळी चालवून, ८ ओहमच्या भारावर (ओहम म्हणजे स्पीकरच्या विद्युत रोधाचे माप), २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पूर्ण पट्ट्यात आणि अगदी नगण्य विकृतीसह मोजलेला आकडा विश्वासार्ह असतो. त्याच यंत्राचे एकच चॅनेल ६ ओहमवर चालवले, फक्त १ किलोहर्ट्झचा स्वर दिला आणि १० टक्के विकृती चालवून घेतली, की आकडा कितीतरी फुगतो. म्हणून दोन यंत्रांची तुलना करताना दोघांचे मोजमाप एकाच पद्धतीचे आहे ना, हे माहितीपत्रकातील बारीक अक्षरांत आधी पाहून घ्यावे.

पहिल्या, विश्वासार्ह पद्धतीने पाहिले तर डेनॉन एव्हीआर-एक्स१८००एच प्रत्येक चॅनेलला ८० वॅट देतो, तर यामाहा आरएक्स-व्ही६ए आणि ऑन्क्यो टीएक्स-एनआर६१०० हे दोघेही १०० वॅट देतात. २० वॅटचा हा फरक कागदावर मोठा दिसत असला, तरी कानाला तो एक डेसिबलही भरत नाही, कारण आवाजाची पातळी ३ डेसिबलने वाढवायची तर शक्ती दुप्पट करावी लागते. उलट ८७ डेसिबल संवेदनशीलतेच्या (तेवढ्याच शक्तीत किती मोठा आवाज निघतो, त्या मापाच्या) स्पीकरऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेतला, की शक्ती दुप्पट केल्याचा लाभ आपसूकच मिळतो. त्यामुळे केवळ वॅटच्या आधारे या तिघांत निवड करणे मला योग्य वाटत नाही.

तिन्ही रिसीव्हर ७.२ चॅनेलचे आहेत, म्हणजे त्यांना सात स्पीकर आणि खालच्या स्वरांसाठीचे दोन सबवूफर जोडता येतात. डॉल्बी अ‍ॅटमॉस ही वरूनही ध्वनी ऐकवणारी पद्धत २०१४ मध्ये घरगुती यंत्रांत आल्यापासून नेहमीच्या पाचांवरील या जादा दोन चॅनेलचा खरा उपयोग छताजवळच्या दोन स्पीकरसाठी, म्हणजे ५.१.२ रचनेसाठी, होतो. तसे स्पीकर पुढेही बसवायचे नसतील, तर ५.२ चॅनेलचा साधा रिसीव्हर घेऊन वाचलेली रक्कम चांगल्या सबवूफरला लावावी. ऐकताना हा फरक जितका जाणवेल, तितका न वापरलेल्या चॅनेलचा कधीच जाणवणार नाही.

माझ्या मते निवडीचा सर्वांत महत्त्वाचा निकष म्हणजे खोलीनुसार ध्वनी जुळवण्याची सोय. एकच स्पीकर दोन खोल्यांत वेगळा वाजतो. खालच्या पट्टीतील काही स्वर कोपऱ्यात साचून घुमतात, तर काही बसण्याच्या जागी जवळजवळ नाहीसे होतात. रिसीव्हरसोबत येणारा छोटा मायक्रोफोन बसण्याच्या जागी ठेवला, की प्रत्येक स्पीकरमधून आळीपाळीने चाचणीचे स्वर उमटतात आणि त्यांवरून अंतर, पातळी व स्वरांचा समतोल ठरवला जातो. डेनॉनमधील ऑडिसी मल्टइक्यू एक्सटी अशी मोजणी आठ जागांवरून घेऊ शकते. शिवाय वेगळे पैसे भरून मिळणाऱ्या अ‍ॅपमधून, दुरुस्ती किती हर्ट्झपर्यंत लागू व्हावी हेही ठरवता येते. यामाहाची वायपीएओ भिंतींवर आपटून लगेच परतणाऱ्या ध्वनीकडे विशेष लक्ष देते. ऑन्क्योची अ‍ॅक्यूइक्यू एकाच जागेवरून मोजते. त्यामुळे काम झटपट होते, पण सोफ्यावर तिघेचौघे बसणार असतील तर एका जागेचे मोजमाप अपुरे पडते. या बाबतीत मी डेनॉनला स्पष्टपणे वरचे स्थान देईन.

मोजणी मात्र मनापासून करावी. मायक्रोफोन सोफ्याच्या पाठीवर टेकवून ठेवला, तर तो गादीवरून परतलेला ध्वनीही टिपतो. म्हणून तो कॅमेऱ्याच्या तिपाईवर, कानाच्या उंचीला उभा करावा आणि पंखा बंद ठेवावा. मोजणीनंतर यंत्राने समोरचे स्पीकर ‘लार्ज’ ठरवले असल्यास ते ‘स्मॉल’ करून क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचे स्वर सबवूफरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झच्या आसपास आणावा. सबवूफर जोडलेला असताना या एका बदलाने संवाद किती मोकळे होतात, हे प्रत्यक्ष ऐकावे.

एचडीएमआयचा, म्हणजे चित्र आणि ध्वनी एकत्र नेणाऱ्या केबल-जोडणीचा, प्रश्न वापरावर अवलंबून आहे. केवळ चित्रपट पाहणाऱ्याला ४के चित्रासाठी १८ गिगाबिटची जोडणी पुरते, आणि स्ट्रीमिंगमधून येणारा अ‍ॅटमॉस ध्वनी टीव्हीच्या साध्या आर्क जोडणीतूनही (टीव्हीचा ध्वनी त्याच केबलने रिसीव्हरकडे परत नेणारी सोय) रिसीव्हरपर्यंत पोहोचतो. ब्लू-रे प्लेअर टीव्हीला जोडून त्याचा डॉल्बी ट्रूएचडी हा दर्जा न घटवलेला ध्वनी रिसीव्हरकडे आणायचा असेल तरच ई-आर्क ही आर्कची सुधारित आवृत्ती लागते. प्लेअर थेट रिसीव्हरला जोडला, तर तीही गरज उरत नाही.

सेकंदाला १२० फ्रेमने ४के गेम खेळणाऱ्याने मात्र अधिक बारकाईने पाहावे. डेनॉन व ऑन्क्यो या दोघांच्याही सहापैकी तीन एचडीएमआय इनपुटना ही क्षमता आहे, त्यामुळे एक गेमिंग कन्सोल आणि एक संगणक जोडूनही जागा उरते. खेळणारा एकटाच असेल आणि ऐकण्याची जागा ठरलेली असेल, तर ऑन्क्योच्या मोजणीतील उणीव फारशी अडत नाही. तो डेनॉनपेक्षा बऱ्यापैकी स्वस्त मिळत असेल, तर मी ऑन्क्योच घ्यायला सांगेन.

यामाहाच्या बाबतीत एक जुनी गोष्ट लक्षात ठेवावी लागते. २०२० मध्ये आलेल्या एचडीएमआय २.१ (१२० फ्रेमचे ४के चित्र नेऊ शकणारी आवृत्ती) च्या पहिल्या पिढीतील अनेक रिसीव्हरमध्ये, डेनॉन आणि मरांट्झच्याही, सदोष चिपमुळे एक्सबॉक्स सिरीज एक्स या कन्सोलचे १२० फ्रेमचे चित्र पुढे जाताना पडदा काळा पडत असे. आरएक्स-व्ही६ए त्याच वर्षीचा आहे. यामाहाने पुढे अंतर्गत बोर्ड बदलून देण्याची योजना आणली, पण वापरलेला किंवा बराच काळ पडून असलेला नग हाती आला, तर तो बदल झालेला असेलच असे नाही. विक्रेत्याला तसे विचारावे, आणि परत करण्याची मुदत शिल्लक असतानाच आपला कन्सोल जोडून १२० फ्रेमचा गेम तासभर चालवून पाहावा.