सात महिने, एक बाटली आणि केळ्याचा वास

जॅक डॅनियल्स ओल्ड नंबर ७ या अमेरिकन व्हिस्कीची एक लिटरची बाटली काल रात्री संपली आणि जी पुन्हा घ्यायची नाही असा निश्चय केला होता, तीच मी आज दुसऱ्यांदा विकत आणली. सात महिन्यांत माझे मत फिरले ते एकाच गोष्टीमुळे, आणि ती म्हणजे केळ्याचा वास.

पहिल्या दिवशी मी ती नुसतीच ग्लासात ओतली. व्हॅनिला आणि कॅरॅमल अपेक्षितच होते, कारण आतून जाळलेल्या ओकच्या नव्या पिंपातून तेच उतरते. पण ग्लास नाकाशी नेताच साल काळी पडू लागलेल्या केळ्यांचा असा भपकारा आला की घरात कोणी शिकरण केली आहे का, असे मी खरोखरच विचारले. भरलेली बाटली मोरीत ओतण्याइतका मी उधळा नसल्यामुळे ती कोलाबरोबर संपवायचे ठरले. कोला सगळे झाकतो; परंतु जे झाकूनच प्यायचे त्यासाठी एवढे पैसे का मोजावेत, ही बोच राहिली.

ही व्हिस्की जिथे बनते ते टेनेसीतले लिंचबर्ग नॅशव्हिल शहरापासून सुमारे दीड तासावर आहे, म्हणून एका शनिवारी कारखानाच पाहून आलो. तेथे ८० टक्के मका, १२ टक्के बार्ली माल्ट (मोड आणलेले जव) आणि ८ टक्के राय हे धान्य यांच्या आंबवणातून काढलेला बिनरंगी अर्क, पिंपात भरण्यापूर्वी, शुगर मेपलच्या लाकडाच्या १० फूट खोल कोळशातून थेंबाथेंबाने झिरपू देतात. इतक्या कोळशातून गेल्यावर वास उरतोच कसा, हा माझा प्रश्न होता. मात्र कोळसा मुख्यतः मक्याचा तेलकटपणा आणि कच्च्या अर्काचा खरखरीतपणा काढून घेतो. केळ्याचा वास आंबवताना यीस्टमुळे तयार होणाऱ्या एस्टरांचा, म्हणजे फळांसारख्या वासाच्या संयुगांचा, विशेषतः पिकलेल्या केळ्यातही असणाऱ्या आयसोअमाइल ॲसिटेटचा. आणि तो कोळशातून सुखरूप बाहेर पडतो. म्हणजे मी ज्याला गाळणीची चूक समजत होतो, ती चूक नव्हतीच.

मत खऱ्या अर्थाने बदलले ते लिंबामुळे. ६० मिली व्हिस्की, २० मिली ताजा लिंबाचा रस आणि १५ मिली साखरेचा पाक बर्फाबरोबर जोरात हलवून व्हिस्की सावर हे कॉकटेल केले, तेव्हा आंबटपणा मिळताच केळे शिळ्या फळासारखे न वागता ताज्यासारखे वागू लागले. त्यात थोडे ट्रिपल सेक (संत्र्याच्या सालीचे गोड मद्य) घालून वरून लिंबाचा सोडा ओतला की लिंचबर्ग लेमोनेड होते, आणि संत्र्याच्या सालीचा कडवटपणा या वासाला फार शोभतो. व्हिस्की, साखर आणि बिटर्स (कडू अर्काचे थेंब) यांच्या ओल्ड फॅशन्डमध्ये मात्र नेहमीइतकी साखर घातली की शिकरण परत येते. मी साखर निम्मी करतो आणि बिटर्सचे दोन शिंतोडे वाढवतो. व्हिस्की आणि गोड व्हर्मूथ (मसालेदार वाइन) यांचे मॅनहॅटन करूच नये. ८ टक्के रायचा तिखटपणा त्या व्हर्मूथपुढे टिकत नाही.

मधल्या काळात याच कारखान्याच्या जंटलमन जॅक या महागड्या व्हिस्कीची लहान बाटलीही घेतली होती. ती पिंपात मुरल्यानंतर पुन्हा एकदा कोळशातून जाते. नुसती पिताना ती निश्चितच मऊ लागते, पण लिंबू पिळताच कुठे हरवते ते कळत नाही. जास्त पैसे देऊन जो वास घालवला, तोच सावरमध्ये हवासा वाटावा, हे मला माझ्या खिशाच्या दृष्टीने अत्यंत समाधानकारक वाटले.

तक्रार उरली आहे ती ताकदीची. अमेरिकेतली बाटली ४० टक्के अल्कोहोलची असते, त्यामुळे लहान बर्फावर ती पाहता पाहता पाणचट होते. भारतात मिळणारी ४२.८ टक्क्यांची असल्याने तिकडे हा त्रास थोडा कमी व्हावा. मी आता वाटीत पाणी गोठवून एकच मोठा खडा वापरतो.