मसाला कांडप आणि पीएमईजीपी : 19 महिन्यांनंतर

पाटण तालुक्यातल्या आमच्या गावात मी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून, म्हणजे पीएमईजीपी या छोट्या उद्योगांना कर्ज आणि अनुदान देणाऱ्या सरकारी योजनेतून, मसाला कांडप सुरू केलं. प्रकल्प 8 लाखांचा. ग्रामीण भागातली महिला म्हणून अनुदान 35 टक्के, म्हणजे 2 लाख 80 हजार. स्वतःचे 5 टक्के, 40 हजार. अनुदान कर्जातून नंतर वळतं होतं, म्हणून सुरुवातीला स्वतःचे सोडून बाकी सगळे 7 लाख 60 हजार बँकेचं कर्ज.

अनुदान हातात येत नाही, हे आधी समजून घ्या. ते बँकेत 3 वर्षं ठेव म्हणून राहतं. त्यावर व्याज मिळत नाही, आणि तेवढ्या कर्जावर बँकेनेही व्याज घ्यायचं नसतं. माझ्याकडून मात्र ठेव झाल्यावरही दोन महिने पूर्ण रकमेवर व्याज कापलं गेलं. पासबुक घेऊन गेले तेव्हा दुरुस्त झालं. तारण म्हणून घरही मागितलं होतं. 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम दाखवला, मग तो विषय मिटला.

मंजुरीला पाच महिने लागले आणि उन्हाळा हातचा गेला. आमचा धंदा मार्च ते मेचा. संकेश्वरी, बेडगी मिरच्या वाळल्या की कांडपापुढे रांग लागते. पावसाळ्यात यंत्र जवळजवळ बंद, मग दिवाळीआधी चकलीच्या भाजणीचं दळण. तरीही एकही हप्ता चुकलेला नाही. या योजनेशिवाय एवढं भांडवल मला कुणी दिलं नसतं, हे मनापासून सांगते.

खटकतं ते मोजमाप. सरकारी आकड्यांनुसार 2021-22 मध्ये देशात 1,03,219 उद्योगांना मदत मिळाली आणि रोजगार 8,25,752. भागाकार करून बघा, बरोबर 8 येतात. म्हणजे माणसं मोजलेलीच नाहीत, प्रत्येक उद्योगामागे आठ धरलीत. माझ्याकडे तिघी आहेत, त्याही बारमाही नाहीत. हजेरीवहीप्रमाणे गेल्या वर्षी तिघींना मिळून 512 दिवस काम मिळालं. वर्षाचे 300 दिवस धरले तर पूर्णवेळ दोन माणसांचंही हे काम नाही. पण त्यातल्या एकीने मुलीची बारावीची फी याच मजुरीतून भरली. आठच्या आकड्यात ना तिचे रिकामे महिने दिसतात, ना ती फी.

अनुदान कर्जात वळतं होण्याआधी प्रत्यक्ष पडताळणी होते. तेव्हा नुसतं यंत्र आणि फलक बघून जाऊ नये. हजेरीवही, वीजबिलं मागावीत, कुठल्या महिन्यात काम नव्हतं ते विचारावं. माझी वही तयार आहे.

कांडप टाकणार असाल तर अर्ज गणपतीच्या आधी करा, म्हणजे होळीपर्यंत यंत्र दारात येईल.