ओट्याचा ग्रॅनाईट घ्यायचा असेल तर इथे जा, केसाएवढी चीर पण दाखवून देतात

किचनच्या ओट्यासाठी काळा ग्रॅनाईट इथून घेतला, चांगला वापरून मग लिहितेय. पॉलिश बघून कोणीही भुलतं पण इथले मिस्त्री काका आधी स्लॅबवर पाणी ओततात आणि वाळेपर्यंत थांबायला लावतात. आमचा पहिला स्लॅब सगळा सुकला तरी एका कोपऱ्यात ओली रेघ तशीच, नख फिरवलं तर काहीच लागत नव्हतं, पण पाणी आत मुरलेलं म्हणजे चीर आहेच, काकांनी स्वतःहून तो बाजूला काढला. दुसरा ठोकून दाखवला, खणखणीत वाजला, तोच घेतला.

हे एवढं महत्त्वाचं का, तर दगड तुटतो तो असाच. दाबाला ग्रॅनाईट जबरदस्त, पण ताण सोसायची ताकद त्याच्या साधारण दहावा हिस्सा, आणि क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रकाचे कण एकमेकांना चिकटलेले असतात तिथे बारीक फटी मुळातच असतात. स्लॅब जरा वाकला की सगळा ताण अशाच एखाद्या फटीच्या टोकाशी गोळा होतो आणि ती पुढे सरकते, कापडाला कात्रीची जराशी चीर दिली की पुढचं हाताने टर्रकन फाटतं ना तसंच. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९२१ मध्ये काचेवरच्या प्रयोगांतून हेच मांडलं होतं.

सिंकचं कटिंग तर बघण्यासारखं. बऱ्याच ठिकाणी ब्लेड सरळ काटकोनात फिरवतात, ते कोपऱ्याच्या पुढे जातं, खाच राहते आणि नंतर तिथूनच तिरकी चीर निघते. यांनी आधी चारही कोपऱ्यांना ड्रिलने गोल भोकं पाडली आणि ब्लेड भोकापाशीच थांबवलं. गोल भोकाच्या कडेलाही ताण तिपटीपर्यंत जातो, पण टोकदार खाचेपेक्षा कितीतरी बरं. टेम्पोतही स्लॅब उभाच नेला, आडवा टाकला असता तर सिंकपुढची बारीक पट्टी रस्त्यातल्या खड्ड्यातच तुटली असती.

ज्यांच्या चिरा रेझिनने, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाने, भरल्यात ते स्लॅब वेगळे ठेवलेत आणि विचारायच्या आधीच तसं सांगतात, हे मला फार आवडलं. रेट बाजारापेक्षा थोडा जास्त आहे, डिलिव्हरीला उशीर झाला आणि पक्कं बिल मागून घ्यावं लागलं, म्हणून एक स्टार कमी. जाताना सिंक आणि हॉब (ओट्यात बसवायची शेगडी) सोबतच न्या, नुसतं माप चालत नाही, वस्तू स्लॅबवर ठेवूनच मार्किंग करतात.