पोटोमॅकचा गेज: नऊ महिने वापरल्यानंतर

पुण्याहून वॉशिंग्टन डीसीला लागून असलेल्या मेरीलँडमध्ये राहायला आले, तेव्हा सामानात कयाकिंगचं हेल्मेट, स्प्रे स्कर्ट (बोटीत पाणी शिरू न देणारं कमरेचं आवरण) आणि लाइफ जॅकेट होतं. बोट नव्हती आणि कुठल्या पाण्यात उतरायचं तेही ठाऊक नव्हतं. पोटोमॅक नदी घरापासून वीस मिनिटांवर, पण नकाशात ती नुसती निळी पट्टी. कुठे खळाळ आहे, कुठे डोह आहे, कुठे उतरलं तर परत वर येता येईल, यातलं काही त्यात दिसत नाही. ऑगस्टपासून आजपर्यंत मी ज्या एका गोष्टीच्या आधाराने ही नदी शोधली, ती म्हणजे लिटल फॉल्सचा गेज, नदीची पातळी मोजणारं यंत्र. त्याचाच हा अनुभव.

कोलाडला कयाक शिकलेल्यांना गेजची सवय नसते, मलाही नव्हती. कुंडलिकेचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून येतं. मुळशीचं पाणी घाटमाथ्यावरून पाइपांतून खाली उतरतं, वीज तयार करतं आणि मग नदीत सुटतं. ताम्हिणी उतरता उतरताच आमचा फोन जायचा, "दादा, पाणी सुटलं का?" तिकडून "सुटलंय, या" आलं की पुढचं काही विचारायचं नाही. पोटोमॅकवर असं सकाळी ठरल्या वेळी पाणी सोडणारं कुणी नाही. वेस्ट व्हर्जिनिया, व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड, या चार राज्यांत जो पाऊस पडेल तो आपल्या सवडीने खाली येतो. त्यामुळे इथे भेटलेला प्रत्येक कयाकवाला पहिला प्रश्न एकच विचारतो, "किती फूट?"

तो आकडा येतो यूएसजीएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या, लिटल फॉल्सजवळच्या केंद्रातून. इथली नोंद 1930 पासूनची आहे. दर पंधरा मिनिटांचं वाचन संकेतस्थळावर फुकट दिसतं, सोबत गेल्या काही दिवसांचा आलेखही. हवामान खातं त्याच ठिकाणचा पुढच्या काही दिवसांचा अंदाज देतं. फोनवर पान उघडायला दोन सेकंद लागतात. सोयीच्या बाबतीत माझी काहीही तक्रार नाही.

अडचण आली ती आकडा समजून घेण्यात. सप्टेंबरात गेज 2.8 दाखवत होता. मी समजले की नदी कमरेएवढी असणार. प्रत्यक्षात फूट म्हणजे पाण्याची खोली नव्हेच. कुठल्या तरी एका ठरवलेल्या शून्यापासून पाण्याची पातळी किती वर आहे, एवढंच तो सांगतो. मॅथर गॉर्ज या कड्यांमधल्या अरुंद घळीत 2.8 ला सुद्धा कड्याखाली पाय टेकायचा नाही, आणि त्याच दिवशी दोन मैल खाली दगडांना बोट घासते. मग 2.8 चा अर्थ काय?

तो मला ओल्ड अँगलर्सला कळला. ग्रेट फॉल्स या मोठ्या धबधब्याच्या खालच्या अंगाला, मेरीलँडच्या बाजूने पाण्यात उतरायची ही सगळ्यांची जागा. गाडी रस्त्याच्या कडेला लावायची, बोट खांद्यावर घ्यायची, जुन्या कालव्यावरचा पूल ओलांडून खाली यायचं. तिथे पांढऱ्या दाढीचे एक आजोबा कनू उतरवत होते. मी त्यांना गेजबद्दल विचारलं. त्यांनी समोरच्या एका खडकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, हा एकच खडक बघायचा, वर्षभर. आकडा घरून निघताना वाचायचा आणि इथे आल्यावर खडकाशी ताडून बघायचा.

मी त्याच दिवशी वही केली. 2.8 ला त्या खडकाची पूर्ण पाठ कोरडी, वर बगळ्याची विष्ठा, खालच्या बाजूला हिरव्या शेवाळाचा पट्टा. 3.1 ला शेवाळ पाण्याखाली गेलं आणि खडकाच्या मागे एडी तयार झाली, म्हणजे उलट वर फिरणारं ते शांत पाणी, ज्यात बोट थांबवता येते. 3.5 ला खडकाचं फक्त डोकं वर, एडीची कड इतकी धारदार की बोटीचं नाक आत घातलं की झटकन वळतं. 3.9 ला पाणी डोक्यावरून जायला लागलं आणि मागे फेसाळ खड्डा पडला. त्या दिवशी मी उलटले, दोनदा रोल (उलटलेली बोट आत बसूनच सरळ करणं) चुकला, बोटीतून बाहेर पडून पोहत काठाला आले. वहीत त्या पानावर "3.9, अजून नाही" असं लिहिलंय. सहा आठवडे आणि तलावात केलेल्या पन्नासेक रोलनंतर त्याच आकड्याला परत गेले आणि नीट खाली उतरले. आता सकाळी चहा घेताना 3.4 दिसलं की खडक डोळ्यांपुढे उभा राहतो. गेजने मला जे दिलं ते खरं तर हे.

पाणी चढतंय की उतरतंय, हे आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे. मी वरच्या अंगाचं पॉइंट ऑफ रॉक्सचं केंद्र रोज बघते. तिथे आलेला फुगवटा साधारण दिवसभराने आपल्याकडे पोहोचतो. मार्चमध्ये तिथे आलेख सरळ वर गेला आणि दुसऱ्या दिवशी लिटल फॉल्स 5 च्या पलीकडे. मी बोट घरीच ठेवली आणि ग्रेट फॉल्सच्या व्हर्जिनियाकडच्या कठड्यावर जाऊन उभी राहिले. एरवी जिथे वेगवेगळे धबधबे मोजता येतात, तिथे तपकिरी पाण्याचा एकच लोंढा. अख्खी झाडं वाहत होती. कठड्याजवळ एक खांब आहे, त्यावर जुन्या पुरांच्या खुणा लावल्यात. 1972 ची खूण माझ्या डोक्याच्या वर होती, आणि 1936 ची तिच्याही वर. त्या 1936 च्या मार्चमध्ये लिटल फॉल्सला पातळी 28 फुटांवर गेली होती. मी 3.9 ला पोहले ते आठवून पोटात गोळा आला.

जागांबद्दल थोडं. नव्याने येणाऱ्याने सुरुवात व्हायोलेट्स लॉकपासून करावी, असं मी अगदी मनापासून सांगेन. इथे परत यायला खाली दुसरी गाडी ठेवावी लागत नाही. काठावरून निघायचं, जुन्या पडक्या बंधाऱ्याच्या वरून नदी आडवी कापत व्हर्जिनियाच्या काठाला जायचं आणि एका अरुंद, दगडी ओढ्यात शिरायचं. हा ओढा म्हणजे पोटोमॅक कंपनीने खळाळ टाळायला काढलेला कालवा. 1785 मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन होते, म्हणून आजही लोक त्याला जीडब्ल्यू कालवाच म्हणतात. छोटे छोटे, अवघडपणाच्या दुसऱ्या श्रेणीपर्यंतचे खळाळ, वर झाडांची कमान. खाली आलं की पुन्हा नदी कापून मेरीलँडला यायचं, बोट उचलून काठालगतच्या जुन्या सी अँड ओ कालव्यात टाकायची आणि संथ पाण्यातून वल्हवत गाडीपाशी परत. माझा नवरा कधी कयाकमध्ये बसला नव्हता, तोही तिसऱ्या रविवारी ही फेरी पूर्ण करून आला. अँगलर्सलाही दुसरी गाडी नको. एकेका एडीच्या आधाराने प्रवाहाविरुद्ध वर चढत डिफिकल्ट रनपर्यंत जाता येतं आणि मग खाली घसरत यायचं. दंडांना चांगलाच व्यायाम होतो. ग्रेट फॉल्सच्या पायथ्यापासून मॅथर गॉर्ज हा त्यापुढचा टप्पा, आणि खुद्द ग्रेट फॉल्स पाचव्या श्रेणीचा. तिथे उतरायचा माझा विचारही नाही.

गेजच्या मर्यादा मात्र नीट समजून घ्या. आडवं पडलेलं झाड त्याला दिसत नाही. पाण्याचा गारठा आकड्यावरून कळत नाही. फेब्रुवारीत गेज छान 3.3 होता, माझ्या थर्मामीटरवर पाणी 4 अंश. ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा पोशाख) नसता तर त्या पाण्यात हात काही मिनिटांत निकामी झाले असते. बर्फ साचला की पातळीच्या आकड्यावर विसंबू नये. आणि छोट्या ओढ्यांसाठी पोटोमॅकच्या गेजचा काहीच उपयोग नाही. एका ॲपवरची माहिती वाचून आम्ही पावसानंतर तासभर गाडी चालवत एका ओढ्यावर गेलो, तर पाणी ओसरून गोटे उघडे पडले होते. ओढा तीन-चार तासांत चढतो आणि उतरतो. त्याला त्याचाच गेज हवा, नाहीतर तिथे राहणारं ओळखीचं माणूस.

सगळ्यात मोठी गोष्ट गेज सांगत नाही ती लिटल फॉल्सच्या बंधाऱ्याची. वरून येताना नुसती एक सरळ, गुळगुळीत रेघ दिसते. खाली पाणी स्वतःवरच उलटं फिरत राहतं आणि माणसाला आत धरून ठेवतं. तिथे कितीतरी जीव गेलेत, काही वाचवायला गेलेल्यांचेही. कमी पाण्यालाही तो तितकाच वाईट. नव्या माणसाने आधी काठाने चालत जाऊन तो बंधारा कुठे आहे ते बघावं आणि त्याच्या बरंच वर नदीतून बाहेर यावं.

जूनमध्ये हार्पर्स फेरीला जायचं ठरलंय, शेनंडोआ नदीच्या स्टेअरकेस नावाच्या खळाळांवर. तिथे लिटल फॉल्स चालणार नाही, त्या नदीवरचा मिलव्हिलचा गेज बघावा लागेल. दोन आठवडे तोच आकडा टिपून ठेवतेय. येत्या शनिवारी बोट न घेता जाऊन काठावर बसणार आहे, आधी एक खडक निवडायला.