अहमदाबादच्या ध्वनिफिती की ईस्टमन यांचे ‘फेमेनिन’: आधी काय ऐकावे?

ख्याल ऐकत वाढलेल्या पुण्यातल्या श्रोत्याला प्रयोगशील संगीताकडे वळायचे असेल आणि तूर्त एकच ध्वनिमुद्रण विकत घ्यायचे असेल, तर कित्येक वर्षे विस्मृतीत राहून अलीकडे पुन्हा हाती आलेल्या दोन मुद्रणांमध्ये निवड करावी लागते.

पहिले आपल्या शेजारचे आहे. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत ‘मूग’ बनावटीचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर नाद निर्माण करणारे यंत्र, बसवून दिला आणि १९७२ पर्यंत गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा व जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर रचना केल्या. संस्थेच्या संग्रहात पडून राहिलेल्या या फिती ब्रिटिश कलावंत व संगीतकार पॉल पर्गस यांनी शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांचे संकलन निघाले. माथूर यांच्या एका रचनेच्या नावातच तानपुरा आहे, त्यामुळे हेच आपल्या कानाला जवळचे वाटेल अशी माझी खात्री होती. प्रत्यक्षात बहुतेक तुकडे छोटे आहेत. एखादा नाद सापडतो, त्याची बढत होईल असे वाटते, तोच तो संपतो.

दुसरे मुद्रण ज्युलियस ईस्टमन यांच्या ‘फेमेनिन’चे आहे. न्यूयॉर्कमधल्या राहत्या घरातून बाहेर काढले गेल्यावर या कृष्णवर्णीय संगीतकाराच्या रचनांच्या कित्येक लिखित संहिता गहाळ झाल्या आणि १९९० मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे संगीत जवळजवळ कोणाच्याच लक्षात नव्हते. ‘फेमेनिन’चे १९७४ मधले प्रत्यक्ष मैफलीतले मुद्रण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्राने हलवलेल्या घुंगरांसारख्या घंटा सुरुवातीपासून अखंड वाजत राहतात, त्यांवर व्हायब्राफोन हे धातूच्या पट्ट्यांचे वाद्य दोनच स्वरांची एक छोटी आकृती मांडते, आणि मग सुमारे ७२ मिनिटे इतर वाद्ये तीच आकृती धरून, कधी तिला बगल देऊन, तिच्यात भर घालत जातात. विलंबितात दोन स्वरांवर रेंगाळणारा गवय्या ज्याने मन लावून ऐकला आहे, त्याला ही पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटणार नाही. मला तर घंटांचा नाद विसाव्या मिनिटाच्या सुमारास तानपुऱ्यासारखा पार्श्वभूमीला गेल्याचे जाणवले, आणि शेवटी तो थांबला तेव्हा सदाशिव पेठेतली माझी खोली एकाएकी रिकामी झाली.

म्हणून श्रोता म्हणून आधी ‘फेमेनिन’च घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. चित्रपटाच्या ध्वनीचे शिक्षण घेणाऱ्याने किंवा स्वतः सिंथेसायझर हाताळणाऱ्याने मात्र अहमदाबादच्या फितींपासून सुरुवात करावी, कारण नवे यंत्र हाती आल्यावर माणसे त्याला काय काय विचारून पाहतात, हे तिथे उघड ऐकू येते. दोन्ही मुद्रणे डिजिटल स्वरूपात मिळतात, त्यामुळे परदेशातून तबकडी मागवण्याचा खर्च टाळता येतो. ‘फेमेनिन’ मात्र रस्त्यावरची वर्दळ ओसरल्यावर, रात्री अकरानंतर, एका बैठकीत ऐकावे. तुकडे पाडून ऐकल्यास त्यातले काहीच हाती लागत नाही.