माशांच्या हॉटेलात रेड वाइन मागवताय? आधी लेबल बघा, मग ग्लास पुढे करा

१८,४४३ रुपये. चार माणसं, एक रात्र, बाणेरकडचं एक नावाजलेलं मासळीचं हॉटेल. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण आता ग्राहक आयोगात आहे. यातले किमान ८,१४८ रुपये सरळ सरळ लुबाडलेले आहेत. हिशोब पुढे देतो, ज्याला तपासायचाय त्याने कॅल्क्युलेटर घेऊन बसावं.

आता लगेच कुणीतरी म्हणणार, माशाबरोबर रेड वाइन कोण पितं? पितात. सुरमई, बांगडा, रावस अशा तेलकट, मसालेदार माशाबरोबर हलकी रेड छान जाते, फक्त तिच्यात टॅनिन, म्हणजे तोंड कोरडं करणारा तुरटपणा, कमी हवं. हे मला आधीपासून माहीत होतं. म्हणजे मी काही पहिल्यांदाच बाटली बघणारा बकरा नव्हतो. वाइनच्या यादीत एक नाशिकची रेड होती, ग्लासला ५९० रुपये. मी बोट ठेवून तीच मागितली.

वेटर गेला, परत आला. 'सर, ती आत्ताच संपली. त्यातलीच दुसरी देतो, पिनो न्वार, सीफूडबरोबर तीच रेकमेंड करतो आम्ही.' पिनो न्वार, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची हलकी रेड, माशाबरोबर चालते हे अगदी खरं आहे. फसवणारा अर्धं खरं बोलतो म्हणून तर आपण मान हलवतो. 'त्यातलीच' म्हटल्यावर मी भावही त्यातलाच धरला. कुणीही धरला असता. मेहुणा आणि त्याची बायको समोर बसलेले, त्याची बदली झाली म्हणून मीच जेवायला बोलावलेलं. पाहुण्यांसमोर 'कितीला?' विचारायला आपल्याकडे जीभ रेटत नाही, आणि हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

मग तो क्षण. अजूनही रात्री आठवतो आणि डोकं तापतं. तो बाटली घेऊन आला ती आधीच उघडलेली, आणि गळ्यापासून बुडापर्यंत पांढऱ्या नॅपकिनात गुंडाळलेली. रीत अशी असते की लेबल गिऱ्हाइकासमोर धरायचं, बूच टेबलापाशी काढायचं, घोटभर चाखायला द्यायची. नॅपकिन असतो तो थेंब गळू नये म्हणून, लेबल झाकायला नव्हे. मेहुण्याने विचारलंही, 'दाजी, कुठली आहे हो?' माझ्याआधी वेटरच म्हणाला, 'इम्पोर्टेड आहे सर,' आणि त्याच दमात, 'सुरमई आजची ताजी आहे, तवा करू का रवा?' सगळे सुरमईकडे वळले. संपलं.

बरं, नंतर तरी कळायला जागा होती का? होती! पिनो न्वारची द्राक्षं पातळ सालीची, वाइन फिकी; ग्लासमागे बोटं धरली तर दिसतात. इथे ग्लासात होती ती जांभळाच्या रसासारखी काळपट. घोट घेतला की हिरड्या कोरड्या, आणि पापलेटचा घास घेतल्यावर तोंडात एक लोखंडी, उग्र वास. रेड वाइनमधल्या लोहामुळे माशाचा असा वास उठतो, जपानी संशोधकांनी २००९ साली हे दाखवून दिलंय. लोह पिनोतही असू शकतं म्हणा, पण काळा रंग आणि तो तुरटपणा? मी बायकोला म्हणालोसुद्धा, ही पिनो वाटत नाही. ती म्हणाली, आता पाहुण्यांसमोर सुरू नका करू. अंधुक पिवळा उजेड, मोठ्याने लावलेली गाणी, तिसऱ्यांचं सुक्कं समोर. कोण भांडेल? आणि दर पाच मिनिटांनी तो येऊन न विचारता ग्लासात भर घालत होता. ही भर म्हणजे पाहुणचार नाही हो, प्रत्येक भरीला बिलात एक ग्लास चढतो.

बिल आलं. जेवण ४,८६०. रेड वाइन ८ ग्लास, प्रत्येकी १,४५०, म्हणजे ११,६००. व्हॅट १० टक्के, १,१६०. तो राज्याचा कर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. सर्व्हिस चार्ज १० टक्के, १,६४६. आणि जीएसटी ९०५ रुपये ३० पैसे. एकूण २०,१७१.३०.

जीएसटीची ओळ नीट वाचा. पिण्याच्या मद्यावर जीएसटी लागतच नाही. जेवणावर ५ टक्के म्हणजे २४३ रुपये. यांनी वाइन, सर्व्हिस चार्ज, सगळ्यावर लावला. आणि आठ ग्लास? पिणारे आम्ही दोघं. दीडशे मिलीचा ग्लास धरला तर साडेसातशेच्या बाटलीत पाच बसतात. आठ ग्लास म्हणजे दुसरी बाटली उघडली पाहिजे. आमच्या टेबलापाशी बाटली एकच, शेवटपर्यंत तीच, त्याच डागाच्या नॅपकिनात.

मॅनेजरला म्हटलं, बाटली दाखवा. तर म्हणे रिकाम्या बाटल्या लगेच फोडतो. कुठे फोडता, काचा दाखवा, तर हसला. सर्व्हिस चार्जवर मात्र मी सोडलं नाही. ४ जुलै २०२२ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना आहेत, आपोआप लावता येत नाही, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. हे मोठ्याने म्हटल्यावर शेजारची टेबलं बघायला लागली आणि चार्ज निघाला, त्यावरचा जीएसटीही निघाला, १८,४४३ झाले. वाइनवरचा जीएसटी तसाच. 'सिस्टिममध्ये सेट आहे सर.' यादीतल्या ५९० च्या भावाने, आठही ग्लास मान्य केले तरी, सगळं मिळून १०,२९५ होतात; १८,४४३ मधून वजा करा, तेच ते ८,१४८. पैसे भरले, कारण मेहुण्याची बायको पाकीट काढायला लागली होती. तो अपमान वेगळाच.

यूपीआयने भरलेत, त्यामुळे पुरावा आहे. रोख कधीच देऊ नका अशा ठिकाणी.

आता सरकारी यंत्रणा. चौकीत सांगितलं, ही दिवाणी बाब आहे. वर साहेबांचं स्मित, 'वाइन पिऊन आलात का?' परवाना बघणारे म्हणाले, आम्ही साठा बघतो, भाव नाही. म्हटलं, मग साठाच बघा ना, त्या दिवशी ती आयात बाटली खरंच उघडली का ते नोंदवहीत दिसेल! तर लेखी द्या. लेखी दिलं, तर आवक-जावकचा माणूस जेवायला गेलेला. वजनमापवाल्यांनी मला २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ऐकवला, हॉटेलांना एमआरपीचं बंधन नाही म्हणून. अहो, मी एमआरपीबद्दल बोलतच नाहीये! एक दाखवून दुसरं ओतलं, याबद्दल बोलतोय. अन्नभेसळ बघणाऱ्यांनी नमुना मागितला. नमुना माझ्या पोटात गेला, तो कसा आणू? प्रत्येकाकडे दुसऱ्या कार्यालयाचा पत्ता तयार, तेवढंच काय ते तत्पर. कर आमच्याकडून एकत्र, तक्रार मात्र तुकड्यातुकड्यात.

हॉटेलने मधल्या काळात मला मोफत कॅरॅमल कस्टर्डचं कूपन पाठवलं. परत येऊन खायचं.

तर, यादीतलं एक संपलं म्हणाले की दुसऱ्याचा भाव यादीतच बोट ठेवून दाखवायला लावा, तोंडी नको. यादीचा फोटो काढून ठेवा. क्यूआर कोडवरची यादी दुसऱ्या दिवशी बदललेली असते, माझ्या वेळची ५९० वाली ओळ आता तिथे नाही. ग्लासवर हात ठेवा. माशाचा भाव 'साइजप्रमाणे' लिहिला असेल तर वजन आधी विचारा, हाच खेळ तिथेही चालतो. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. मी स्वतःच अर्ज लिहिला, ८,१४८ आणि मनस्तापाचे वेगळे.

बाणेर-बालेवाडीकडे मासे खाऊन वाइन घेतलेल्यांनी आपापली जुनी बिलं काढा. मद्याची रक्कम बाजूला ठेवून फक्त जेवणाचे पाच टक्के काढा आणि जीएसटीच्या ओळीशी ताडून बघा.