मुक्त पतनाचा डिजिटल संच: शाळेसाठी घ्यावा का?

दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. त्यामुळे सांगली-मिरजेतल्या शाळा प्रयोगशाळेसाठी खरेदीला निघाल्या की गोळी पडायला लागणारा वेळ मोजणाऱ्या या संचाचा विचार होतोच. त्यात सव्वा मीटरचा उभा खांब आणि पट्टी, वर विद्युतचुंबक, खाली गोळी पडताच उघडून टायमर थांबवणारी पाटी, १६ मिलिमीटरची पोलादी गोळी, दोन फोटोगेट (गोळीने किरण अडवला की वेळ टिपणारी चौकट), गोळी वर उडवणारी स्प्रिंगची नळी आणि सेकंदाचा हजारावा भाग मोजणारा टायमर येतो. आमचं मत स्पष्ट आहे. संच घेण्यासारखा आहे, सोबतची माहितीपुस्तिका मात्र कपाटात ठेवावी.

पुस्तिका म्हणते, गोळी एका उंचीवरून सोडा, उंचीच्या दुपटीला वेळेच्या वर्गाने भागा, उत्तर, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, ९.८१ मीटर प्रतिसेकंद वर्ग यायला हवं. यातली प्रत्येक गोष्ट मुलांना चुकीच्या वाटेला नेते. सांगली १७ अंश अक्षांशाच्या किंचित खाली आणि समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, त्यामुळे इथलं गुरुत्वीय त्वरण ९.७८ आहे. १९०१ मध्ये ठरलेलं प्रमाण मूल्य ९.८०६६५ आहे, पण ते ठरवून घेतलेलं मूल्य आहे, सांगलीत मोजलेलं नव्हे. ९.७८ काढणाऱ्या मुलाचे गुण कापणं हा अन्याय आहे.

मोठी अडचण चुंबकाची. बटण दाबताच टायमर सुरू होतो, पण चुंबकत्व त्या क्षणी संपत नाही आणि गोळी काही मिलिसेकंद चिकटून राहते. ८० सेंटिमीटर पडायला खरा वेळ ०.४०४ सेकंद लागतो. ८ मिलिसेकंद उशीर धरला तर त्वरण ९.४१ येतं, आणि २० सेंटिमीटरवरून तोच उशीर ९.०५ पर्यंत खाली आणतो. उंची कमी तितकी चूक मोठी. म्हणून निरनिराळ्या पाच-सहा उंचींवरून गोळी सोडावी आणि आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर दुप्पट उंचीचं वर्गमूळ घेऊन आलेख काढावा. रेषेच्या चढाचा वर्ग म्हणजे त्वरण. उशीर आपोआप बाजूला पडतो, आणि रेषा वेळेचा अक्ष जिथे छेदते तिथे तो किती होता हेही कळतं.

उशीर कमी करायला चुंबक आणि गोळी यांच्यामध्ये पातळ कागदाचा कपटा लावावा. प्रवाहाची घुंडी असेल तर गोळी जेमतेम धरली जाईल इतकाच प्रवाह ठेवावा. चुंबकाच्या वेटोळ्याला समांतर नुसता डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) जोडलेला असेल तर प्रवाह वेटोळ्यात फिरत राहतो आणि उशीर आणखी वाढतो. घेण्याआधी दुकानदाराला हे विचारून घ्या. उंची मोजायची ती गोळीच्या तळापासून पाटीपर्यंत. गोळीच्या माथ्यापासून मोजली तर ८० सेंटिमीटरला पुरे दोन टक्के चुकतात. पाटी थोडी दबल्यावर संपर्क तुटतो, त्यामुळे २० सेंटिमीटरच्या खालच्या उंचीवर तिच्यावर फार भरवसा ठेवू नये.

या संचाचं खरं सामर्थ्य वर उडवण्याच्या प्रयोगात आहे, आणि पुस्तिकेत त्याला अर्धं पान मिळालंय. दोन फोटोगेट एकावर एक, ३० सेंटिमीटर अंतरावर लावा. वर जाताना आणि परत येताना गोळी दोन्ही गेट दोनदा ओलांडते. खालचं गेट ३ मीटर प्रतिसेकंद वेगाने ओलांडणारी गोळी त्याच गेटमध्ये ०.६१३ सेकंदांनी परतते, वरच्या गेटमध्ये ०.३६२ सेकंदांनी. दोन गेटमधल्या अंतराच्या आठपटीला या दोन वेळांच्या वर्गांच्या वजाबाकीने भागलं की त्वरण हातात येतं, ९.७८च्या आसपास. यात चुंबक नाही, गोळीचा व्यास लागत नाही, सुरुवातीचा वेगही लागत नाही. गुरुत्वमापनातल्या नामांकित उपकरणांतही वर-खाली जाण्याची हीच सममिती वापरतात. शिवाय ‘माथ्यावर वेग शून्य, म्हणून त्वरणही शून्य’ हा मुलांचा पक्का गैरसमज इथे मोडता येतो. वरचं गेट माथ्याच्या जवळ नेलं तरी उत्तर तेच येतं.

खांब ओळंब्यात नसेल तर मात्र हा प्रयोग फसतो. नळी एक अंश कलली की परतणारी गोळी तीन सेंटिमीटर बाजूला जाते आणि किरण चुकतो. किरणाला काटकोनात कल पाव अंशाच्या आत हवा, म्हणून पाणसळीवर विसंबू नका, ओळंबा लावून स्क्रू फिरवा. स्प्रिंग सुटताना खांब हलतो, पायावर दोन विटा ठेवा. पंखा बंद ठेवा. फोटोगेटवर थेट ऊन पडू देऊ नका, इन्फ्रारेड सेन्सर गोंधळतो.

एका गेटवरून वेग (गोळीचा व्यास भागिले किरण अडलेला वेळ) काढायचा हट्ट असेल तर गोळीच्या मध्यातून किरण जातो का ते पाहा. तीन मिलिमीटर बाजूने गेला तर वेग आठ टक्के जास्त दिसतो.

साताऱ्याहून महाबळेश्वरला संच नेला तर फरक दिसेल का, असं मुलं विचारतात. दिसणार नाही. साडेसहाशे मीटरच्या चढाने त्वरणात जास्तीत जास्त ०.००२ इतकी घट होते, आणि हजाराव्या सेकंदाच्या टायमरची एका मापातली चूकच ०.०५ पर्यंत असते.

दुकानातच ५० सेंटिमीटरवरून दहा वेळा गोळी सोडून बघा. वेळ ०.३२० पेक्षा थोडा जास्त आला तर हरकत नाही, पण दहा आकड्यांत तीन मिलिसेकंदांपेक्षा जास्त तफावत असेल तर दुसरा नग मागा. टायमर चार क्षण लक्षात ठेवतो का तेही तपासा. ती सोय नसेल तर वर उडवण्याचा प्रयोग निकालात निघतो, आणि मग एवढे पैसे घालण्यात अर्थ नाही.